अतिशीत अणूंच्या संशोधनात जायचं असेल तर: नाशकातून निघणाऱ्यांसाठी

दिवाळीत मी सिडकोतल्या घरी आले की एखादी तरी आई मुलाला किंवा मुलीला घेऊन येतेच. "हिला फिजिक्समध्येच पुढे जायचंय म्हणते, तुम्हीच दोन शब्द सांगा." गेल्या दिवाळीत आलेली मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला होती. आई चहा पीत होती तेवढ्यात तिने सरळ विचारलं, "ताई, तुम्ही रोज उठून नक्की काय करता? आणि तिथपर्यंत जायचं कसं?" फराळाची ताटली तशीच राहिली आणि आम्ही दोन तास बोलत बसलो. तिला सांगितलं ते, आणि सांगायचं राहून गेलं तेही, इथे लिहिते आहे.

आधी माझी वाट. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. नाशकातच, मग सहा वर्षं पीएच.डी., तीन वर्षं जर्मनीत पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन), आणि आता एका सरकारी संस्थेत सहायक प्राध्यापक. वडील सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये टर्नर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. या क्षेत्रात मला जे उपयोगी पडलं त्यातलं बरंचसं अण्णांकडून आलं आहे, म्हणून त्यांचं नाव पुढे वारंवार येईल.

काम काय असतं

रुबिडियम नावाचा एक मऊ, चंदेरी धातू आहे. तो साधारण ३९ अंशांना वितळतो, म्हणजे मे महिन्यात नाशिकचा पारा चढला की बंद कुपीतला रुबिडियम पातळ व्हायला लागेल. त्याची थोडी वाफ आम्ही निर्वात पेटीत सोडतो. खोलीच्या तापमानाला त्यातला एकेक अणू सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने धावत असतो. त्याच्यावर समोरून ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर सोडला की प्रकाशाचा प्रत्येक कण त्याला एक धक्का देतो आणि वेग सेकंदाला ६ मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे अणू थांबवायला ४५ हजारांच्या आसपास धक्के लागतात. अणू हे धक्के इतके भराभर घेतो की सगळं काम काही मिलिसेकंदांत उरकतं. लेसरची वारंवारता अणूच्या वारंवारतेपेक्षा किंचित कमी ठेवायची, म्हणजे प्रकाशाला सामोऱ्या येणाऱ्या अणूलाच तो प्रकाश जुळतो आणि त्यालाच धक्का बसतो. सहा बाजूंनी सहा झोत, शिवाय चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या दोन कॉइल, आणि मधोमध अणू अडकतात. या सापळ्याला (मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅप) आम्ही 'मॉट' म्हणतो. लेसरने अणू थंड करण्याच्या या कामासाठी स्टीव्हन चू, क्लोद कोएन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

पुढची थंडी माठासारखी येते. माठातलं गरम पाणी झिरपून उडून जातं आणि उरलेलं गार होतं, तसे आम्ही सापळ्यातले जास्त ऊर्जेचे अणू मुद्दाम बाहेर जाऊ देतो. १९९५ मध्ये अमेरिकेत बोल्डरला एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी याच रीतीने रुबिडियम १७० नॅनोकेल्विनपर्यंत, म्हणजे उणे २७३ अंशांच्या निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, खाली नेला. निफाडला पारा ४ अंशांवर उतरला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर त्या थंडीच्याही दीड अब्ज पट खाली हे तापमान आहे. तिथे पोचल्यावर हजारो अणू एकाच लाटेसारखे वागू लागतात. याला बोस-आइन्स्टाइन संघनन म्हणतात. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनना पाठवलेल्या लेखातून ज्या विचाराला सुरुवात झाली, तो सत्तर वर्षांनी डोळ्यांना दिसला.

क्वांटम सिम्युलेशन म्हणजे या गार अणूंना कामाला लावणं. समोरासमोर दोन लेसर सोडले की प्रकाशाचे खळगे तयार होतात, अगदी अप्पेपात्रासारखे. १०६४ नॅनोमीटरचा लेसर असेल तर दोन खळग्यांतलं अंतर ५३२ नॅनोमीटर. खळगे उथळ ठेवले तर अणू एका खळग्यातून दुसऱ्यात सहज पसरतात. खोल केले तर प्रत्येक जण आपापल्या जागी गप्प बसतो. हा बदल २००२ मध्ये म्युनिकच्या गटाने प्रत्यक्ष दाखवला, आणि घन पदार्थातले इलेक्ट्रॉन जे करतात त्याची नक्कल अणूंकडून करून घेता येते हे पक्कं झालं.

नक्कल कशाला, संगणकावर गणित करून टाकावं, असं वाटेल. ५० कणांचं, प्रत्येकाच्या दोनच अवस्था असलेलं गणित मांडायचं तर २ चा ५० वा घात, म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतके आकडे साठवावे लागतात. ३०० कण घेतले की हा आकडा दृश्य विश्वातल्या अणूंच्या संख्येपलीकडे जातो. निसर्ग क्वांटम आहे तर त्याची नक्कलही क्वांटम वस्तूनेच करावी, हा भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचा १९८१ मधल्या भाषणातला मुद्दा. आम्ही तेच करतो. एवढं समजलं आणि तरीही पुढे वाचावंसं वाटलं, तर ही वाट तुमची असू शकते.

नाशकात असतानाच

कॉलेजच्या तीन वर्षांत कशावर वेळ घालवायचा, यावर माझं मत ठाम आहे. क्वांटम मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व आणि सांख्यिकीय भौतिकी हे तीन विषय मुळापासून करा. बाकीचे पास होण्यापुरते झाले तरी चालतील. दोन पातळ्यांचा अणू आणि हार्मोनिक ऑसिलेटर ही दोन गणितं न पाहता, कोऱ्या कागदावर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सोडवता आली पाहिजेत. मुलाखतीत हेच विचारतात आणि पुढे आयुष्यभर हेच वापरतो.

प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवू नका. मायकेलसन इंटरफेरोमीटर बहुतेक कॉलेजांत असतो, आणि बहुतेक वेळा मागच्या वर्षीची रीडिंग्ज घेऊन त्याचा विषय संपवला जातो. तुम्ही मात्र तो स्वतः जुळवा. प्रकाशाची कडी दिसेपर्यंत स्क्रू फिरवा. एका आरशाचा स्क्रू पाव फेरा फिरवल्यावर कडी कुठल्या दिशेला सरकतात हे बोटांना कळलं पाहिजे. मी तो पहिल्यांदा जुळवला तेव्हा सव्वादोन तास लागले होते. लॅब असिस्टंट काका किल्ल्या घेऊन दारात उभे होते आणि तरी त्यांनी मला थांबवलं नाही. पीएच.डी.त पहिल्या दिवशी माझ्यापुढे बेचाळीस आरसे आले, तेव्हा मला त्या संध्याकाळची आठवण झाली.

इलेक्ट्रॉनिक्स टाळू नका. लेसर डायोडचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर ठेवावं लागतं. थर्मिस्टर (तापमान मोजायला), पेल्टिअर (विजेवर गार-गरम करायला) आणि ऑप-अँप (सिग्नल वाढवायला) घेऊन घरच्या घरी एक साधा तापमान नियंत्रक बनवा. खर्च काही शे रुपयांचा आहे. तो आधी डोलेल, वरखाली होईल. का डोलतो हे शोधताना फीडबॅक जेवढा कळेल तेवढा पुस्तकातून कळणार नाही. पायथन शिका, पण रीडिंग्जचा आलेख काढण्यापासून सुरुवात करा.

आणि सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर सुटीतले पंधरा दिवस तिथे घालवा. हे मी अगदी मनापासून सांगते. नाशकातल्या मुलांकडे हे आहे आणि ते त्याला काही समजतच नाहीत. ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर धरणं, टॉलरन्स म्हणजे काय, एखादं भोक 'सूतभर' मोठं झालं तर पुढे काय होतं, आटे कसे पाडतात. जर्मनीत माझ्याबरोबर काम करणारी मुलं गणितात माझ्यापेक्षा पुढे होती. पण वर्कशॉपला ड्रॉइंग देताना माझं ड्रॉइंग एकदाही परत आलं नाही, आणि महिनाभरात गटातले सगळे आपली ड्रॉइंग्ज आधी मला दाखवायला लागले.

सुटीतल्या शिबिरांसाठी दिवाळीनंतर लगेच शोध सुरू करा, कारण बरेचसे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस हा कार्यक्रम, विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम. पहिल्या वर्षी नाही मिळालं तरी दुसऱ्या वर्षी भरा. निवड होवो न होवो, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुणे रस्त्यावर नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला जा. तिथे अणू नाहीत, पण मोठं यंत्र वर्षानुवर्षं चालतं ठेवणारी माणसं भेटतात. त्यांना प्रश्न विचारा.

इंग्रजीची धास्ती मलाही होती. आठवड्याला एक शोधनिबंध घ्यायचा आणि त्याचा सारांश मराठीत एका पानावर लिहायचा, हा नियम मी एम.एस्सी.ला घातला आणि दोन वर्षं पाळला. आपल्या भाषेत लिहिता आलं नाही तर समजलेलं नाही, हे लगेच उघडं पडतं. एमआयटीतली वोल्फगांग केटर्ले यांची अणुभौतिकीवरची व्याख्यानं इंटरनेटवर फुकट आहेत. सोडियमचं संघनन करून ज्यांनी २००१ चं नोबेल कॉर्नेल आणि वीमन यांच्याबरोबर वाटून घेतलं, ते स्वतः फळ्यावर शिकवतात. सबटायटल लावून, थांबवत थांबवत बघा.

परीक्षा

यावर माहितीचा तुटवडा नाही, म्हणून थोडक्यात. एम.एस्सी. किंवा एकात्मिक पीएच.डी.साठी जॅम, पीएच.डी.साठी नेट-जेआरएफ, गेट, जेस्ट आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर फार मोकळीक मिळते, कारण मग पैसे तुमच्या नावावर येतात आणि गाइड निवडताना तुमची बाजू भक्कम होते. मला ती दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. मधले सहा महिने मी एका क्लासमध्ये बारावीला शिकवलं. ते वाया गेले असं मला वाटत नाही.

लॅब निवडणं

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. मुलं संस्थेचं नाव बघतात, पालकही तेच बघतात. या क्षेत्रात पहिला प्रश्न वेगळा असतो: यंत्राचं वय काय?

गार अणूंचं यंत्र रिकाम्या टेबलापासून पहिल्या संघननापर्यंत यायला तीन-चार वर्षं सहज जातात. तुम्ही रिकाम्या खोलीत दाखल झालात तर व्हॅक्यूम, लेसर, कॉइल, कॅमेरा सगळं हाताखालून जाईल, पण पहिला शोधनिबंध पाचव्या वर्षी येईल. चालू यंत्रावर गेलात तर दीड वर्षात आकडे हातात येतील, पण पेटी उघडायची वेळ आली की हात थरथरतील. मी म्हणेन, पहिला मॉट नुकताच दिसला आहे आणि पुढचं बांधकाम सुरू आहे, अशी लॅब शोधा. बांधायलाही मिळतं आणि चालवायलाही. ज्याला पुढे स्वतःची लॅब काढायची आहे त्याने बांधकाम अजिबात चुकवू नये.

कुठला अणू हेही विचारा. रुबिडियम सगळ्यात सोपा. ७८० नॅनोमीटर ही सीडी प्लेयरच्या लेसरची तरंगलांबी, त्यामुळे डायोड स्वस्तात मिळतात. स्ट्रॉन्शियमला ४६१ आणि ६८९ असे दोन वेगळे लेसर लागतात, काम किचकट, पण अणुघड्याळांशी त्याचा थेट संबंध आहे. इलेक्ट्रॉनांची नक्कल हवी तर लिथियम-६ किंवा पोटॅशियम-४० सारखे फर्मिऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्याच जातीचे अणू, लागतात. आणि हल्ली एकेक अणू लेसरच्या चिमट्यात धरून ओळीने मांडायची पद्धत जोरात आहे. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाने अशा ५१ अणूंचा सिम्युलेटर चालवून दाखवला.

आपल्या जवळ बघायचं तर मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर, इंदूरला आरआरकॅट, बंगळुरूला रामन संशोधन संस्था या सगळ्या ठिकाणी गार अणूंवर काम झालं आहे, होत आहे. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून मुंबईतली लॅब बघून रात्री परत येता येतं. आधी ईमेल करा. चार ओळींचा, गाइडचा अलीकडचा एक निबंध खरोखर वाचून त्यातला एक प्रश्न विचारणारा. "आदरणीय सर, मला आपल्या क्षेत्रात अत्यंत रुची आहे" असा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला तर तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो. आता मी तो ईमेल रोज बघते, म्हणून खात्रीने सांगते.

लॅबमध्ये गेल्यावर गाइडशी बोलणं होईलच. त्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर, गाइड नसताना, कँटीनमध्ये चहा प्या. गेल्या पाच-सात वर्षांत किती जण बाहेर पडले, किती वर्षांनी, आणि आज कुठे आहेत? अर्धवट सोडून कुणी गेलं का? लेसर बिघडला तर पैसे आहेत का? आजारपणात रजा मिळते का? यातल्या एखाद्या प्रश्नाला सगळे एकदम गप्प झाले तर ती शांतताच उत्तर समजा. मुलींनी आणखी एक विचारावं: रात्री दोन वाजता प्रयोग संपला तर होस्टेलवर जायची सोय काय? मी विचारलं नव्हतं आणि पहिलं वर्ष मला त्याचा त्रास झाला.

टेबलाकडेही नजर टाका. केबलींना चिठ्ठ्या आहेत का? व्हॅक्यूमचं आजचं रीडिंग वहीत तारखेसह लिहिलेलं आहे का? ही वही नीट असलेल्या लॅबमध्ये माणसंही नीट घडतात, असा माझा अनुभव आहे.

सिद्धांताकडे ओढा असेल तर ही सगळी यंत्रचर्चा कमी लागू पडते. तिथे गाइडचा प्रयोगवाल्यांशी किती संबंध आहे ते बघा. ज्या गणिताला कुठल्या तरी लॅबमध्ये उत्तर मिळू शकतं ते गणित करण्यात वेगळाच आनंद आहे, आणि नोकरीच्या वेळीही त्याचा उपयोग होतो.

एक गळती

पीएच.डी.चं दुसरं वर्ष. आमची मुख्य पेटी मी जोडली. स्टीलच्या दोन फ्लँजमध्ये तांब्याची सपाट रिंग बसते, तिला गॅस्केट म्हणतात. दोन्ही फ्लँजना आतून सुरीसारखी धार असते. बोल्ट आवळले की ती धार तांब्यात रुतते आणि हवा बंद होते. आम्हाला आत वातावरणाच्या दाबाचा एकावर चौदा शून्यं इतका छोटा भाग हवा असतो. त्यासाठी पेटी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, हीटिंग टेप लावून, आठवडा-दहा दिवस दीड-दोनशे अंशांवर भाजायची, म्हणजे धातूला चिकटलेलं पाणी सुटून पंपात जातं.

दहा दिवसांनी पेटी थंड झाली आणि दाब हवा होता त्याच्या हजारपट वर अडकून बसला. बारीक नळीने एकेका सांध्यावर हीलियम सोडत गेले; गळती असेल तिथून तो आत शिरतो आणि डिटेक्टरला कळतो. तिसऱ्या दिवशी खालच्या फ्लँजपाशी डिटेक्टरचा काटा उडाला. पुन्हा हवा भरली, बोल्ट सोडले, गॅस्केट बाहेर काढली आणि दिव्याखाली तिरकी धरली. धारेचा ठसा गोलाकार, सगळीकडे सारखा पाहिजे. माझ्या गॅस्केटवर तो एका बाजूला नखाला लागेल इतका खोल होता, आणि समोरच्या बाजूला जेमतेम ओरखडा.

रात्री घरी फोन केला. अण्णांना व्हॅक्यूम माहीत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बोल्ट कसे आवळलेस? ओळीने?" हो, ओळीनेच. एकाला पूर्ण घट्ट करून मग शेजारचा. "चाकाचे नट कसे आवळतात? समोरासमोर. आणि एका दमात नाही, थोडं थोडं करत चार-पाच फेऱ्यांत." मला हे लहानपणापासून दिसत होतं. आमच्या स्कूटरचं चाक मी शंभरदा त्यांच्या शेजारी बसून बघितलं होतं. तरी लॅबच्या चकचकीत पेटीसमोर ते आठवलं नाही. नवी गॅस्केट, पुन्हा भाजणी, सगळे मिळून साडेतीन आठवडे गेले.

जुनी गॅस्केट मी जपून ठेवली. सुटीत आले तेव्हा जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये भांडी घडवणाऱ्या एका काकांना दाखवली. त्यांनी ठशावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे दबलंय, आता ताठरलं. तापवल्याशिवाय मऊ व्हायचं नाही." वापरलेली गॅस्केट पुन्हा का वापरू नये, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मी ऐकलेलं नाही. ठोकलं किंवा दाबलं की तांबं कडक होतं, आणि कडक तांब्यात धार पुन्हा तशी रुतत नाही. आता माझ्या लॅबमध्ये नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात मी ती गॅस्केट देते आणि ठसा बघायला सांगते.

पैसे आणि वय

हे घरी बसून आई-वडिलांबरोबर मोजा. २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७ हजार रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (त्याच फेलोशिपची वरची पायरी) झाल्यावर ४२ हजार, वर घरभाडं भत्ता. एकट्याचं भागतं, थोडे घरीही पाठवता येतात. पण पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरू नका. आमची फेलोशिप एकदा पाच महिने अडकली होती. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते आणि आम्ही मेसचे पैसे उसने घेत होतो. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पहिल्या वर्षातच सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाका.

वयाचा हिशेब असा: बी.एस्सी. २१, एम.एस्सी. २३, पीएच.डी. २९ किंवा ३०, पोस्टडॉक धरून ३३-३४, आणि मग कायमची नोकरी. तोवर शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा पहिलीत गेलेला असतो आणि लग्नकार्यात "अजून शिकतेच आहेस का?" हे ऐकावं लागतं. त्याचा त्रास होतो. घरच्यांना हे आकडे आधीच सांगून ठेवले तर तो त्रास निम्मा होतो, कारण मग ते तुमच्या वतीने उत्तर देतात. माझी आई "ती संशोधन करते, पगार मिळतो तिला" एवढंच म्हणायची आणि विषय मिटायचा.

आणि सगळ्यांनी प्राध्यापकच व्हावं असं काही नाही. राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६ हजार कोटींची मंजुरी मिळाली. त्यात सेन्सर आणि अणुघड्याळांवर काम करणारी माणसं लागणार आहेत. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय, तिथे लेसर आणि व्हॅक्यूम या दोन गोष्टी येणाऱ्यांची गरज आहे. आमच्या लॅबमधून शिकून गेलेला मुलगा तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

पोस्टडॉक

पीएच.डी. संपायच्या दीड वर्ष आधीपासून पत्रं लिहायला लागा. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावर क्वांटम गॅसेस असा स्वतंत्र विभाग आहे, तो रोज सकाळी चाळा. कुणाचं यंत्र आता कुठल्या टप्प्यावर आहे हे दोन वर्षांत आपोआप कळायला लागतं. म्युनिकजवळचं गार्चिंग, इन्सब्रुक, बार्सिलोना, पॅरिस, बोल्डर, बोस्टन ही या विषयाची मोठी गावं. हुम्बोल्ट किंवा मारी क्युरी फेलोशिपसाठी अर्ज करताना त्या गटप्रमुखाशी आधी बोलणं झालेलं असावं लागतं. पीएच.डी.त केलं तेच पुढे करायला जाऊ नका. मी मॉट आणि व्हॅक्यूम शिकून गेले होते, तिथे प्रकाशाच्या खळग्यांवर आणि एकेक अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर काम केलं. त्या दोन्हींच्या जोडणीवरच माझा नोकरीचा अर्ज उभा राहिला.

परदेशात एक सवय मुद्दाम लावून घ्या. तिथल्या सुट्या भागांची, पुरवठादारांची आणि किमतींची वही ठेवा. परत आल्यावर पहिल्या वर्षी त्या वहीइतकं काही उपयोगी पडत नाही.

परत येऊन स्वतःची लॅब

इन्स्पायर फॅकल्टी, रामानुजन फेलोशिप आणि एएनआरएफ या सरकारी संशोधन-निधी संस्थेचे प्रकल्प हे पहिले पैसे मिळवायचे मार्ग. पण नोकरीचं पत्र हातात येण्याआधी खोली बघायला जा, टेप घेऊन. ऑप्टिकल टेबल शेकडो किलोचं असतं. ते दारातून, लिफ्टमधून, वळणावरून जातं का ते मोजा. खोलीचं तापमान अर्ध्या अंशात स्थिर राहील असा एसी लेखी मागून घ्या. पावसाळ्यातल्या दमटपणाचं काय ते विचारा, आरशांवर पाणी धरलं तर सगळं थांबतं. आणि वीज. दिवे गेले तरी पेटी निर्वात ठेवणारा आयन पंप चालूच राहिला पाहिजे, त्यामुळे यूपीएस आणि जनरेटर यांच्यामधले ते काही सेकंद कोण सांभाळतं हे स्वतः स्विच पाडून बघा.

परदेशी लेसर यायला आठ-दहा महिने लागले तर दचकू नका, तेवढ्यात कॉइल बनवा. माझ्या लॅबची पहिली कॉइल सातपूरला बनली. अण्णा निवृत्त झाले होते, त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या शेडमध्ये लेथवर आम्ही पितळी रिंग घेतली आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली. ड्रॉइंगमध्ये मी त्या रिंगला एका जागी आरपार काप दाखवला होता. अण्णा चष्मा सरकवून बराच वेळ बघत राहिले. "एवढी गोल रिंग टर्न करायची आणि मग कापायची?" मी सांगितलं, चुंबकीय क्षेत्र आम्ही एका क्षणात बंद करतो, तेव्हा अखंड रिंगमध्ये प्रवाह फिरायला लागतो आणि क्षेत्र रेंगाळतं. काप दिला की फिरायला वाटच राहत नाही. ते "हं" म्हणाले आणि ब्लेड लावलं.

तुम्ही बाहेरच्या शेडमध्ये अशी रिंग करायला द्याल तेव्हा ड्रॉइंगवर मराठीत ठळक लिहा: "इथे आरपार काप हवा आहे, भरू नये." मी दुसऱ्या वेळी लिहिलं नव्हतं. कारागिराला वाटलं तडा गेलाय, आणि त्याने प्रेमाने ब्रेझिंग करून, पॉलिश मारून रिंग पाठवली. बोल्ट मागवताना ३१६ स्टीलचे मागवा, ३०४ चे आटे पाडताना थोडे चुंबकीय होतात. आणि कॉइल बसवायच्या आधी तिच्यातून अर्धा तास पूर्ण प्रवाह सोडून हाताने तापमान बघा, कारण एकदा पेटीवर चढवली की ती पुन्हा निघत नाही.